खेळातून आलेले शिक्षण मोजताना

(रुग्णालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



वैद्यकशास्त्राची एकही पदवी नसलेल्या माणसाला या व्यासपीठावर उभे करण्यात विश्वस्तांनी थोडे धाडसच केले आहे. माझी सारी नोकरी रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत, उत्पादन विभागात झाली. निवृत्त झाल्यावर पेणला स्थायिक झालो आणि या वास्तूत प्रथम आलो तो रुग्ण म्हणून. बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर ताटकळत बसलेल्या कारखान्यातल्या माणसाला दुसरे काय सुचणार? मी केसपेपरांचा प्रवास न्याहाळत बसलो. त्यातून येथील मंडळींशी ओळख वाढली आणि पुढे कर्मचाऱ्यांना ‘लीन’ कार्यपद्धतीचे प्रशिक्षण देण्याचे काम माझ्याकडे आले. त्यासाठी एका दात्यांनी स्वतंत्र रक्कम दिली आणि देताना एकच गोष्ट विचारली : या पैशातून काय मिळाले, ते आम्हांस कळेल ना?

प्रश्न साधा आहे. मात्र त्याचे उत्तर देणे किती अवघड आहे, हे सांगण्यासाठीच मी आज उभा आहे. प्रशिक्षण संपल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे एक छापील अर्ज वाटला होता. जवळजवळ सर्वांनी ‘उत्तम’ या चौकोनात खूण केली. ‘त्याची टक्केवारी काढून वार्षिक अहवालात एक वाक्य देऊ या,’ असे कार्यालयातून मला सुचवण्यात आले. सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला होता. तरीही मी नम्रपणे नकार दिला. त्या नकाराचे स्पष्टीकरण मी आपणांस देणे लागतो.

प्रथम ही पद्धत काय आहे ते थोडक्यात सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात जपानमधील टोयोटा कंपनीत ताइइची ओहनो या अभियंत्याने मोटारी बनवण्याची एक निराळी रीत हळूहळू विकसित केली. पुढच्या माणसाला जेवढे लागते तेवढेच, लागते तेव्हाच करायचे. माल साचू द्यायचा नाही. चूक दिसली की काम तेथेच थांबवायचे. १९८८ मध्ये जॉन क्राफचिक या अमेरिकन अभ्यासकाने आपल्या लेखात या रीतीसाठी ‘लीन’ हे विशेषण वापरले आणि १९९० नंतर ते जगभर पसरले. इंग्रजीत त्याचा अर्थ अंगावर फाजील चरबी नसलेला. आपल्याकडे लीन म्हणजे नम्र. ज्याला आपल्या कामातील दोष पाहायचे आहेत त्याला आपला अर्थ अधिक उपयोगी पडेल, असे मला नेहमी वाटत आले आहे.

रुग्णालयाचा आणि मोटारींचा काय संबंध, असे कोणी विचारील. अमेरिकेतील सिएटल शहरातील व्हर्जिनिया मेसन या वैद्यकीय केंद्राने २००२ पासून टोयोटाची रीत आपल्या कामात आणली. त्यांचे वरिष्ठ डॉक्टर व अधिकारी ती पाहण्यासाठी जपानला गेले होते. आपल्या देशात तर त्याही आधी, १९७६ मध्ये, डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी मदुराई येथे अकरा खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. तेथे शल्यचिकित्सकाशेजारी दोन टेबले असतात. एकावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरील रुग्णाची तयारी परिचारिका पूर्ण करतात. डॉक्टरांचा वेळ वाया जात नाही आणि गरिबाला मोफत दृष्टी मिळते. धर्मादाय संस्थेने कारखान्याकडून काय घ्यावे, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

ही पद्धत व्याख्यानाने शिकवता येत नाही. ऐकणाऱ्याला झोप येते. म्हणून जगभर ती खेळांतून शिकवतात. प्रत्यक्ष कामाची छोटी नक्कल टेबलावर मांडायची आणि शिकणाऱ्यांनाच ती चालवायला द्यायची. आपली भातुकलीच ती. आम्ही खेळलो तो नाण्यांचा खेळ. पाच जण एका रांगेत बसतात. वीस नाणी असतात. प्रत्येकाने प्रत्येक नाणे डाव्या हाताने उलटायचे आणि पुढच्याकडे द्यायचे. पहिल्या फेरीत वीसच्या वीस नाणी उलटून झाल्यावरच गठ्ठा पुढे सरकतो. दुसऱ्या फेरीत पाच-पाच नाण्यांचा गठ्ठा. तिसऱ्या फेरीत नाणे उलटले की लगेच पुढे.

एक नाणे उलटायला एक सेकंद धरला, तर हिशेब असा येतो. वीसच्या गठ्ठ्याने सर्व काम संपायला १०० सेकंद लागतात आणि शेवटी उभ्या असलेल्या ग्राहकाच्या हाती पहिले नाणेही १०० सेकंदांनीच पडते. पाचच्या गठ्ठ्याने पहिली पाच नाणी २५ सेकंदांत मिळतात व सर्व काम ४० सेकंदांत संपते. एकेक नाणे दिले तर पहिले नाणे पाचव्या सेकंदाला आणि शेवटचे चोविसाव्या सेकंदाला हाती येते. येथे लक्षात घ्यावे की एकाही खेळाडूला अधिक वेगाने काम करावे लागलेले नाही. प्रत्येकाने आपली वीस नाणी वीस सेकंदांतच उलटली. वाचला तो वेळ नाण्यांच्या थांबून राहण्याचा.

हे पाहिल्यावर खोलीत आनंदाची एक लाट येते. परिचारिका टाळ्या वाजवतात, मावशी हसतात, कोणी म्हणते, ‘अहो, आपले केसपेपर असेच पडून असतात!’ त्याच आनंदात अर्ज वाटले जातात आणि ‘उत्तम’वर खूण होते. ती खूण खरी असते. परंतु दुपार चांगली गेली, एवढेच ती सांगते.

हे मी अनुभवाने बोलतो आहे. नोकरीत असताना आमच्याकडे असेच एक प्रशिक्षण झाले होते. खेळ रंगले, समारोपाला छायाचित्र निघाले, अर्जांवर भरघोस गुण पडले. पंधरा दिवसांनी मी भांडारात गेलो तेव्हा तीच ढकलगाडी, तीच पिंपे आणि तोच ढीग जागच्या जागी होता. आयोजकांमध्ये मीही होतो, त्यामुळे दोष दुसऱ्यावर ढकलण्याची सोय नाही. आम्ही हसू मोजले होते आणि त्याला शिक्षण समजून बसलो होतो.

प्रशिक्षणाचे मोजमाप कसे करावे यासंबंधी अमेरिकेतील डोनाल्ड किर्कपॅट्रिक यांनी १९५९ पासून जे लेख लिहिले, त्यांचा आधार आजही घेतला जातो. त्यांनी चार पायऱ्या सांगितल्या. शिकणाऱ्याला कसे वाटले, ही पहिली. तो काय शिकला, ही दुसरी. कामावर परतल्यावर त्याचे वागणे बदलले का, ही तिसरी. आणि त्या बदलाने संस्थेच्या कामात काय फरक पडला, ही चौथी. आमचा अर्ज पहिल्या पायरीवरच थांबला होता. दाते मात्र चौथ्या पायरीबद्दल विचारत होते आणि आम्ही त्यांना पहिलीचे उत्तर देणार होतो.

दुसऱ्या पायरीवर पाऊल ठेवताच फसवे आकडे भेटतात. खेळातील वेळ घड्याळाने मोजलेली असते, म्हणून ती शिक्षणाचेच माप आहे असा भास होतो. परंतु तिसऱ्या फेरीपर्यंत डाव्या हाताला सवय झालेली असते. वेळ घटली त्यात गठ्ठा लहान केल्याचा वाटा किती आणि सवयीचा किती? यावर उपाय सोपा आहे. अर्ध्या गटांना मोठ्या गठ्ठ्याने आरंभ करू द्यावा आणि अर्ध्यांना एकेका नाण्याने. तरीसुद्धा आपण मोजतो ती रांगेची गती. पाच जणांपैकी एकालाच मर्म उमगले आणि बाकीच्यांनी सांगितले तसे हात हलवले, तरी घड्याळ तीच वेळ दाखवील.

येथे आपल्याच क्षेत्रातले एक उदाहरण देतो. छातीवर दाब देऊन बंद पडलेले हृदय चालू करण्याची क्रिया रबरी पुतळ्यावर शिकवतात. नॉर्वेतील आस्मुंड लार्दाल यांनी असा पुतळा १९६० मध्ये तयार केला. दाब किमान पाच सेंटीमीटर खोल गेला पाहिजे आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा दिला पाहिजे. आजकालचे पुतळे हे स्वतःच मोजून सांगतात, आणि सांगतात ते प्रत्येक शिकणाऱ्याचे वेगळे. नाण्यांच्या खेळात तसे होत नाही. पुतळ्यावरचे हे कौशल्य सराव नसेल तर काही महिन्यांत उतरते, हेही डॉक्टरमंडळी जाणतात. नाण्यांचा धडा मात्र एका दुपारी शिकवून आपण निश्चिंत होतो.

शिकणाऱ्यालाच विचारावे, तर तेथेही गंमत होते. प्रशिक्षणापूर्वी ‘कामातील अपव्यय तुम्हांस किती ओळखता येतो?’ असे विचारले की माणूस दहापैकी आठ गुण सहज घेतो. प्रशिक्षणानंतर त्याला आपले अज्ञान दिसू लागते आणि तो सहा गुण घेतो. कागदावर दोन गुणांची घट झाली. प्रत्यक्षात तो शहाणा झाला. म्हणून स्वतःला दिलेल्या गुणांवर आम्ही विसंबायचे नाही असे ठरवले.

मग विचारावे काय? पुष्कळ विचारान्ती मी अशा निष्कर्षास आलो की, नाण्यांविषयी विचारण्यात अर्थ नाही. खेळातून मिळालेली समज खेळाबाहेरच्या, न पाहिलेल्या कामात वापरता येते का, हे विचारावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ती समज कोठे लागू पडत नाही हे त्याला सांगता येते का, हेही पाहावे. सुदैवाने अशा परीक्षेसाठी पेण आणि रोह्यासारखी जागा दुसरी नाही.

पेणच्या मूर्तिशाळा आपल्या सर्वांच्या परिचयाच्या आहेत. हमरापूर, जोहे येथे तर घरोघरी हे काम चालते. साच्यातून मूर्ती काढणे, वाळवणे, घासून साफ करणे, पांढरा हात देणे, रंगकाम आणि शेवटी डोळ्यांची आखणी, असा तो क्रम. आमचा पहिला प्रश्न असा होता : नवा साचा आला आहे, पन्नास मूर्ती करायच्या आहेत, एकामागून एक पन्नास काढून मगच तपासाव्यात की काय करावे? पहिल्या मूर्तीवर साच्याच्या जोडापाशी दोष आला असेल आणि तो घासणाऱ्याच्या हाती मूर्ती जाईपर्यंत कळला नाही, तर पन्नासही बिघडलेल्या असतील. पहिली मूर्ती लगेच पुढच्या हाताला दाखवली तर एकच बिघडेल. खेळात गती दिसते, पण चूक लवकर उघडी पडणे हा या रीतीचा खरा लाभ आहे. नाणी उलटताना हे ज्याने टिपले असेल, तोच हे उत्तर देईल.

दुसरा प्रश्न त्याच कारखान्यातला. मूर्ती वाळवायलाही एकेकच ठेवावी का? खेळाने भारावलेले बरेच जण येथे ‘होय’ म्हणतात. ते चुकते. नाणी उलटायला नगागणिक वेळ लागतो. वाळण्याचे तसे नसते. जागा पुरेशी असेल तर एक मूर्ती वाळायला जो काळ लागतो, त्याच काळात पन्नास वाळतात. तेथे एकेक करण्याने काही साधत नाही. धाटावच्या कारखान्यांत रसायनाची प्रक्रिया घाणीने होते, म्हणजे एक भरणी एका वेळी शिजते. ती चमच्याचमच्याने शिजवता येत नाही. आणि आपल्या घरचे उदाहरण म्हणजे शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह. एक चिमटा घालून तो चालवणे म्हणजे वीज आणि वेळ दोन्ही दवडणे. परंतु निर्जंतुक झालेले संच नंतर दिवसभर कपाटाबाहेर का पडून राहतात, हा प्रश्न मात्र विचारलाच पाहिजे. कोणता गठ्ठा यंत्राच्या स्वभावामुळे आहे आणि कोणता आपल्या सवयीमुळे, हे वेगळे करता येणे म्हणजे शिकणे, अशी आम्ही व्याख्या केली.

प्रश्न तोंडी विचारले. लिहिण्याची सवय नसलेल्या मावशींना कागदाने घाबरवण्याचे कारण नव्हते. प्रत्येकाला प्रशिक्षणाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, निराळ्या उदाहरणांवर विचारले. उत्तरे टिपून घेतली आणि ज्यांनी गुण दिले त्यांना कोणते उत्तर आधीचे व कोणते नंतरचे हे कळू दिले नाही. मी स्वतः गुण दिले नाहीत. आपल्याच शिकवण्याला कमी गुण देण्याइतका मी लीन नाही.

आता मला ज्यांच्याविषयी मुख्यतः बोलायचे आहे त्यांच्याकडे वळतो. नोंदणीच्या खिडकीवरून वरच्या मजल्यावरील तपासणीकक्षापर्यंत केसपेपर पोहोचवण्याचे काम आमचे एक वयस्क मामा करतात. त्यांचे नाव घेत नाही, ते संकोचतील. मी बाकावर बसून ज्यांच्याकडे पाहत असे ते हेच. पंधरा-वीस केसपेपर साठले की मामा उठत, जिना चढत, गठ्ठा ठेवत आणि खाली येत. वर डॉक्टर रिकामे, खाली रुग्ण ताटकळलेले. या माणसाला नाण्यांचा खेळ दाखवला की सारे सुरळीत होईल, असे मला त्या दिवशी वाटले होते. प्रशिक्षणानंतर दोन आठवड्यांनी पाहिले तर मामा पूर्वीप्रमाणेच गठ्ठा करून नेत होते. ‘यांच्या डोक्यात काही शिरणार नाही,’ असे एक जण माझ्याजवळ बोलले. मलाही क्षणभर तसेच वाटले, हे कबूल करतो.

मग मी त्यांची प्रशिक्षणापूर्वीची उत्तरे काढून पाहिली. मूर्तीच्या प्रश्नावर, खेळ खेळण्याच्या आधीच, त्यांनी विचारणाऱ्याला उलट विचारले होते, ‘शाडूची की प्लास्टरची, ते आधी सांगा साहेब.’ आणि पुढे वाळवण, साचा, आखणी यांचा असा नेमका खुलासा केला होता की गुण देणाऱ्यांना त्यात काही उणे काढता आले नाही. त्यांचे निम्मे आयुष्य हंगामात मूर्तिशाळेत रंगकाम करण्यात गेले आहे. म्हणजे आम्ही त्यांना जे शिकवायला निघालो होतो ते त्यांना आमच्याआधीच ठाऊक होते. केवळ नंतरची परीक्षा घेतली असती, तर त्यांच्या त्या ज्ञानाचे श्रेय आम्ही खेळाला दिले असते. केवळ त्यांचे वागणे पाहिले असते, तर त्यांना मंदबुद्धी ठरवून मोकळे झालो असतो.

मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. ‘मामा, तुम्हांला हे सगळे कळते, मग गठ्ठा का करता?’ ते म्हणाले, ‘साहेब, गुडघे. एकेक कागद घेऊन दिवसाला शंभरदा जिना चढू का? चढून दाखवा तुम्हीच.’ मी एकदा चढून पाहिले. दुसऱ्यांदा चढलो नाही.

मंडळी, गठ्ठ्याचे कारण जिना होते. मामांच्या समजुतीत काही उणे नव्हते. ज्या उपायाने केसपेपर एकेक वर जातील तो उपाय प्रशिक्षणात नव्हताच. तो विश्वस्तांच्या हातात आहे. चालता येणाऱ्या रुग्णाच्या हातीच केसपेपर द्यावा, किंवा नोंदणीची खिडकी तपासणीकक्षाच्या मजल्यावर न्यावी, असे दोन पर्याय मी लेखी दिले आहेत. पहिल्याला खर्च नाही, पण कागद हरवण्याची भीती नोंदणी विभागाला वाटते आणि ती भीती अवास्तव नाही. निर्णय व्हायचा आहे. दुसरी आणि तिसरी पायरी वेगवेगळी मोजली नसती, तर हा जिना आम्हांला दिसलाच नसता.

चौथ्या पायरीविषयी. रुग्णाला लागणारा वेळ कमी झाला का, हे पाहण्यासाठी प्रत्येकामागे घड्याळ घेऊन माणूस ठेवण्याची गरज नाही. १९६१ मध्ये जॉन लिटल यांनी सिद्ध केलेला रांगेचा एक नियम येथे कामी येतो. सकाळी विभाग रिकामा असताना आरंभ करावा आणि शेवटचा रुग्ण जाईपर्यंत दर पंधरा मिनिटांनी विभागात असलेली डोकी मोजावीत. सर्वांची बेरीज करून पंधराने गुणावे आणि त्या दिवशी आलेल्या रुग्णांच्या संख्येने भागावे. येणारे उत्तर म्हणजे एका रुग्णाचा येथे गेलेला सरासरी वेळ, मिनिटांत. समजा, आठ ते दोन या सहा तासांत चोवीस वेळा मोजले, बेरीज ९६० आली आणि रुग्ण १२० होते. तर सरासरी १२० मिनिटे, म्हणजे दोन तास. हे काम एक सेविका कागद-पेन्सिलीने करू शकते. सरासरीच्या पोटात पहाटे निघून दुपारी तीनला तपासणी झालेली एखादी आजी लपलेली असते, हे मात्र विसरू नये. म्हणून त्या दिवशी सर्वांत अधिक थांबलेल्या रुग्णाची वेळ वेगळी लिहावी, असे मी सुचवले आहे. ज्याची दिवसाची मजुरी बुडते, त्याला सरासरीशी कर्तव्य नसते.

येथेही घाई करून चालणार नाही. आपल्याकडे रुग्ण एकेक येतच नाहीत, सकाळची एस.टी. किंवा दिव्याहून रोह्याकडे येणारी गाडी त्यांना गठ्ठ्याने आणून सोडते. भातलावणीच्या दिवसांत माणसे दुखणे अंगावर काढतात. गणेशोत्सवापूर्वीच्या आठवड्यांत मूर्तिशाळांतले लोक दवाखान्याची पायरी चढत नाहीत, आणि पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढतात. एप्रिलचा आकडा जुलैच्या आकड्याशी ताडून पाहिला तर आपण प्रशिक्षण मोजत नसून पाऊस मोजत असू. शिवाय कोणी मोजते आहे हे कळले की माणूस चार दिवस चपळ होतो. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांपासून ही शंका प्रत्येक मोजणाऱ्याच्या मनात आहे. यासाठी दोन विभागांपैकी एकाला प्रशिक्षण आधी द्यावे, दुसऱ्याला तीन महिन्यांनी, आणि दोहोंची मोजणी त्याच दिवसांत करावी. पाऊस दोघांवर सारखाच पडेल.

इतका खटाटोप कशासाठी, असे वाटणाऱ्यांना एक प्रसिद्ध दाखला देतो. जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेपूर्वी व नंतर मोठ्याने वाचून पडताळायची एक यादी तयार करवली. त्या कामाचे नेतृत्व डॉ. अतुल गावंडे यांनी केले. त्यांचे वडील मूळचे यवतमाळ जिल्ह्यातले. जगातील आठ शहरांतील रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचेही एक होते, आधी व नंतर मोजणी झाली आणि २००९ च्या जानेवारीत ती प्रसिद्ध झाली. मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले, मोठ्या गुंतागुंतींचे ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर. जगभर यादी लागू झाली. पुढे कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे यादी सर्वत्र सुरू झाल्यावर मृत्यूंत लक्षणीय फरक आढळला नाही. कारणांविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. एका ठिकाणी गुण आला म्हणून सर्वत्र येतो असे नाही, आणि तो आपल्याकडे आला की नाही हे आपणच मोजावे लागते, एवढे मला त्यातून घेता आले. दोन्ही अभ्यासांत रुग्ण मोजले होते, प्रशिक्षणार्थींचे समाधान नव्हे, हेही नोंदवतो.

आमचे काम कोठवर आले आहे, ते आता सांगतो. आधीची व नंतरची तोंडी परीक्षा झाली आहे. तीन महिन्यांनंतरची व्हायची आहे, आणि तीच मला अधिक मोलाची वाटते. शिकलेले किती झपाट्याने विसरले जाते हे हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवले आहे. डोकी मोजण्याची पहिली फेरी पूर्ण झाली आहे. दुसऱ्या विभागाचे प्रशिक्षण बाकी आहे. ही तिन्ही कामे होईपर्यंत यश आले असेही मी म्हणणार नाही आणि अपयश आले असेही नाही. दात्यांना मी हे समक्ष सांगितले तेव्हा ते म्हणाले, ‘म्हणजे पुढच्या वर्षी पुन्हा यावे लागणार.’ मी म्हटले, ‘यावे. आणि निकाल उलटा लागला तरी तो छापू द्यावा.’ त्यांनी मान डोलावली आहे. विश्वस्तांनीही तशी अनुमती द्यावी, ही माझी विनंती आहे.

सभेनंतर बाहेरच्या टेबलावर नाण्यांचा खेळ मांडला आहे. नातेवाईक मंडळींनी अवश्य खेळून पाहावा. मामा स्वतः तेथे बसून तो दाखवणार आहेत. वीस नाणी माझ्या घरची आहेत, ती जाताना मोजून घेईन.